शेरा

एकोणतीस वर्षं मी मीटर वाचले.
सातपूर, सिडको, उपनगर, जेलरोड.
जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं बाजूला सारून,
कुत्र्यांना नावानं हाका मारून.
कुणाकडे फ्रीज आला, कुणाचा मुलगा परदेशी गेला,
मला आकड्यांतून कळायचं.
आणि आकडा हललाच नाही, की शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहायचो: घर बंद.

म्हणून संस्थेतली जुईली आहेर जेव्हा म्हणाली,
"काका, चार माणसांना खोली हवीय,
तुम्हाला घरं ठाऊक,"
तेव्हा मी नुसता हसलो.
या गावातली रिकामी घरं
माझ्याइतकी कुणी पाहिली असतील?

बाई अफगाणिस्तानातली, गझनीकडची.
सोबत सासू, मुलगी मरवा, तिच्याहून धाकटा यासीन,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं
निर्वासित असल्याचं एक कार्ड.
नवऱ्याचं विचारलं की सासू
ओढणी सावरते.

पाथर्डी फाट्यावर पहिल्याच दारात
मालक म्हणाले, "नाव?"
"शुक्रिया."
"आभार मागून माना हो, आधी नाव सांगा."
"शुक्रिया," ती पुन्हा म्हणाली.
तिचं नावच ते.
आम्ही सगळे हसलो, मालक सर्वांत जास्त.
खोली मात्र दिली नाही.

दुसरीकडे पोलिसांचा फॉर्म नको होता.
तिसरीकडे मटणाचा वास.
इंदिरानगरात म्हणाले, पुतण्या यायचाय राहायला.
तो पुतण्या दोन हजार अकरापासून येतोय,
मीटर साक्षीला आहे.

मुंबई नाक्याजवळ एकजण लगेच तयार झाला.
भाडंही कमी सांगितलं,
आणि बोलताना मरवाकडेच बघत राहिला.
शुक्रियानं दारावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत,
मोडक्या हिंदीत विचारलं, आतून कडी नाही?
"कडी कशाला? मी आहे ना इथं."
आम्ही जिना उतरलो.
मरवा सर्वांत आधी.

मला लाज वाटली ती रिक्षात.
एकोणतीस वर्षं दारं पाहिली,
कड्या कधी पाहिल्या नव्हत्या.

निरभवणे जेलरोडला राहतात, प्रेसमधून रिटायर.
हजारो पासपोर्ट त्यांच्या हाताखालून गेले,
कोरे, मोजलेले, गठ्ठ्यागठ्ठ्यानं.
स्वतःचा काढलाच नाही. जायचं कुठं?
मागच्या दोन खोल्या भावाच्या.
भाऊ गेला, खोल्या राहिल्या,
सहा वर्षं मीच तिथं शेरा मारलेला.

त्यांनी कार्ड घेतलं, अंगठ्यानं चाचपलं,
जुन्या सवयीनं उजेडाकडे धरलं,
परत दिलं.
"कागद हलका आहे," म्हणाले.
मी मनात पुढचं दार शोधू लागलो.
"माणसं किती?"
"चार."
"पाणी सकाळी साडेसहाला येतं, तासभरच.
फॉर्म उद्या भरू. ठाण्यात माझ्या ओळखीचं कुणी नाही,
पण रांगेत उभं राहता येतं मला."

संध्याकाळी मी पेचकस घेऊन गेलो.
दाराला आतून दोन कड्या बसवल्या,
एक वर, एक यासीनच्या हाताला येईल अशी.
सासू म्हणाली काहीतरी तिच्या भाषेत,
आणि मी बाहेर असतानाच दार लागलं.
कडी लागली. निघाली. पुन्हा लागली.
आत कुणीतरी हसलं, बहुतेक म्हातारीच.
मला चहाचं सांगितलेलं होतं,
पण दार उघडायचं कुणाला सुचेना.

मलाही घाई नव्हती.
जिन्याखाली वाकून पाहिलं, सवय.
मीटरवरचा लाल ठिपका
लुकलुकत होता.
शेरा काय लिहावा, विचार करत बसलो पायरीवर.

घर बंद होतं.
आतून.